नूरच्या छातीचे चार तुकडे

कामशेत
२ डिसेंबर २०२४

तुझ्या पोराला तोंड हाय आणि तुला न्हाई का, ते आधी सांग. आमचा कैलास परवा लोणावळ्याला चिक्की आणायला गेलता. तुझ्या नवाजनं पुडा बांधता बांधता त्याला सांगितलं, अम्मीच्या छातीत डाग निघालाय, तळेगावला मोठ्या मशीनमधी घातलं होतं. कैलासनं मला ते जेवताना सांगितलं, भाजीत मीठ कमी हाय म्हणावं तसं. म्हंजे चिक्कीच्या दुकानात उभं राहणाऱ्याला कळतंय आणि जिनं तुझ्यासंगं एका गिरणीत भात पाखडलं तिला कळत न्हाई. तुझ्या मागच्या पत्रात काय होतं? मांजर व्याली. पिल्लांचे रंगसुद्धा लिहिलेस तू, एक काळं, एक करडं, एक कुणासारखंच न्हाई. छातीचं अक्षर न्हाई.

नूरे, रामराम आणि सलाम. दोन्हीतलं लागंल ते घे.

फोन केला असता, पण फोन आमच्या अपेक्षाच्या हातात असतो आणि त्या नातीला स्पीकर लावून बोलायची खोड हाय. निम्मं घर ऐकतं. मलाच तेवढं ऐकू येत न्हाई. म्हणून लिहिते. साक्षरतेच्या वर्गातल्या बाईनं सांगितलं होतं, एकमेकींना पत्रं लिहीत जा, न्हाईतर शिकलेलं मोडंल. बाईची बदली झाली, वर्ग बंद पडला, गिरणी पडली. अक्षर तेवढं राहिलं. ते मांजरीवर खर्चू नको.

डाग कुठल्या बाजूला, केवढा, डॉक्टर काय म्हणाला, मशीन कसलं, सगळं लिही. मी रडणार न्हाई, तुला म्हाईतच हाय. आमचे मालक सोपानराव गेले त्या दिवशी आभाळ आलतं, तर मी आधी अंगणातलं भात झाकलं आणि मग त्यांच्यापाशी बसले. लोक बोलले. भात भिजलं असतं तर लोकांनी दिलं असतं का?

शालू


लोणावळा
९ डिसेंबर २०२४

शालू,

तू रागावलीस ते बरं झालं. इथे सगळे माझ्याशी इतकं हळू बोलतात की मला वाटायला लागलं मी कधीच गेले आणि कुणी सांगायचं विसरलं.

पावसाळ्यापासून खोकला होता. नवाजनं आधी साधा फोटो काढून आणला, त्यात काहीतरी अंधूक दिसलं, म्हणून तळेगावला सिटी स्कॅन. मशीन म्हणजे उभी ठेवलेली मोठी बांगडी, माणूस जाईल एवढी. मध्ये फळी. गळ्यातला ताईत काढून सुनेच्या, परवीनच्या हातात दिला, फळीवर झोपले, हात डोक्यावर घेतले. फळी आपली आपण बांगडीत शिरते नि बाहेर येते. आत घरघर होते, आपला भात सडायचा हलर सुरू व्हायच्या आधी करायचा तशीच. मी डोळे मिटले तर मला कोंड्याचा वास आला. खोटं सांगत नाही.

मग मशीनच बोलायला लागलं, बाईचा आवाज, हिंदीत. श्वास घ्या, रोखा. मी रोखला. मला हसायला आलं, कारण तुसाची खोली आठवली. गिरणीमागच्या त्या खोलीतून तूस नाकात जाऊ नये म्हणून आपण पोती घेऊन श्वास धरून पलीकडे जायचो, आणि आधी कोण सोडतंय त्यावर पैज. तू नेहमी हरायचीस, कारण मध्येच कुणाला तरी शिवी द्यायची असायची तुला. पण खरं सांगू, यावेळी मशीननं सोडा म्हणायच्या आत माझा सुटला. तिथल्या कोमल नावाच्या मुलीनं येऊन परत झोपवलं. म्हणाली, आजी, हललं की फोटो पुसट येतो.

दुसऱ्या खेपेला शिरेतून औषध सोडलं. अंगभर ऊन पसरल्यासारखं झालं, आणि पुढचं तुलाच सांगते, मला वाटलं साडीतच झालं. कोमल म्हणाली, सगळ्यांना तसंच वाटतं.

डॉक्टरनं नंतर मला आत बोलावून पडद्यावर दाखवलं. काकडीच्या चकत्या कराव्या तशा माझ्या छातीच्या चकत्या, कागदाएवढ्या पातळ, एकीमागून एक. डाग उजव्या बाजूला वर आहे, खांद्याच्या हाडाखाली, सोललेल्या शेंगदाण्याएवढा. चिक्कीवाल्याच्या घरात दुसरं काय निघणार. बाकी कुठे काही नाही. डॉक्टर म्हणाले, क्षयाचा जुना वण असला की तो चुना धरतो, आणि हे मशीन चुना ओळखतं. पण माझ्या डागाला चुना एका कडेलाच लागलाय, मध्ये नाही. त्यामुळे जुना वण आहे की वाईट गाठ आहे ते नक्की सांगता येत नाही. मी म्हटलं, मला क्षय झालता की, तीस वर्षांमागे, तेव्हाचाच असणार. ते म्हणाले, मशीनला आजचं सगळं दिसतं, मागचं दिसत नाही. तेव्हाचा छातीचा फोटो आहे का?

मी म्हटलं, तो ग्रहणात गेला.

आता दोन वाटा आहेत. एक, त्याच मशीनमध्ये झोपवून बरगड्यांतून सुई घालायची आणि कण काढून तपासायचा. दुसरी, तीन महिन्यांनी परत स्कॅन करायचं. मशीन डाग सगळ्या अंगानं मोजून ठेवतं, वाढला की लगेच कळतं. डॉक्टर म्हणाले घाई नाही. मी तीन महिने म्हटलं. घरी पण तेच सांगितलंय.

मांजरीचं एक पिल्लू परवीननं ठेवून घेतलं. ते कुणासारखंच नाही ते.

नूर


कामशेत
१६ डिसेंबर २०२४

नूरे,

तुझं पत्र अपेक्षाकडनं वाचून घेतलं न्हाई, माझं मीच वाचलं, दोन दुपारी गेल्या. साडीतलं वाचून हसले. मग पुन्हा चुन्यावर आले.

ग्रहणात गेला म्हणतेस. तो कुटं गेला न्हाई. आपणच कापला आणि वाटला. तुझ्या ध्यानात नसंल तर माझ्या हाय.

पंच्याण्णव साल, दिवाळीतलं ग्रहण, सकाळचं. गिरणीच्या मालकानं सांगितलं, सूर्य सुटल्याबिगर हलर लावायचा न्हाई. आमची डाळ-पिठं तुळशीची पानं टाकून झाकलेली, मी उपाशी आणि तू चहा पिऊन आलेली. तूच खाकी पाकीट घेऊन आलीस. म्हणालीस, पुण्याच्या दवाखान्यानं दिलेला काळा कागद हाय, औषधं संपली, आता ह्याचं काय करायचं, ह्यातनं सूर्य बघू. राजेश्वरी म्हणाली, एकीनं बघितलं तर बाकीच्यांनी काय करायचं, आणि पोती कापायची कात्री आणली. कात्री मी चालवली. उभा एक काप, आडवा एक. चार तुकडे झाले. खालचे दोन तू आणि मी घेतले, कारण वरचे जास्त काळे होते आणि राजेश्वरी आणि वजनाचा काटा धरणारा भिकाजी दोघं आधीच हात पुढं करून बसलेले. कोंबड्या गिरणीच्या वळचणीला जाऊन बसल्या. उजेड असा झालता की पिवळा म्हणावा तर पिवळा न्हाई. सगळी कामगार मंडळी तोंडं वर करून तुझ्या बरगड्यांतनं सूर्याकडं बघत होती, आणि सूर्य चावलेल्या भाकरीसारखा.

आता डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात तसं बघू नये. तवा कोण सांगणार होतं.

अल्लाबक्षभाऊ ग्रहणाची नमाज पढून मशिदीतनं आले. चारी तुकडे बघितले आणि एवढंच म्हणाले, "बायकोची छाती कापून सूर्य बघताय व्हय? निदान नीट तरी बघा." आणि भिकाजीच्या हातातला घेऊन स्वतः बघत बसले.

माझा खालचा तुकडा मी खुराड्याच्या भोकाला ठोकलता, मुंगसासाठी. खुराडं बी गेलं आणि मुंगूस बी. तो कामाचा नव्हता. कामाचा वरचा, उजव्या अंगाचा. म्हंजे भिकाजीकडं न्हाईतर राजेश्वरीकडं. भिकाजी तळेगावला लेकाकडं असतो. राजेश्वरी आंबीला. मी जाते. अशी वस्तू कोण टाकत न्हाई, पाणी लागत न्हाई, कुजत न्हाई. कुठंतरी असणार.

डाग त्यात असला तर तो जुना, आणि सुई टोचायची गरज न्हाई. असंच ना? मला सरळ सांग. मी कशाला हिंडतेय ते मला कळलं पाहिजे.

शालू


लोणावळा
२४ डिसेंबर २०२४

शालू,

असंच. डाग त्यात असला तर मी डॉक्टरसमोर तुकडा ठेवीन आणि म्हणीन, बघा, माझा पाहुणा जुना आहे, त्याला राहू द्या.

तू लिहिलंस ते खरं, पण एक चुकलीस. सूर्य चावलेल्या भाकरीसारखा नव्हता, तू उपाशी होतीस म्हणून तुला भाकरी दिसली. मला तर काचेची अर्धी बांगडी दिसली होती. आणि यांनी भिकाजीकडून नाही, माझ्या हातातून तुकडा घेतला होता. परत देताना पदरानं पुसून दिला, माझ्याच पदरानं. तेवढी एक आठवण माझी माझ्याकडे राहू दे, तिच्यात भिकाजी नको.

यांनी मला पुण्याला नेलं होतं तेव्हा गाडीत बसायला जागा नव्हती, तर उभ्यानं माझं डोकं खांद्यावर धरून आणलं. तो फोटो यांनी खाकी पाकिटात घालून छातीशी धरला होता, पावसात. तोच आपण कापला. पण ते एका शब्दानं रागावले नाहीत. म्हणाले, तू बरी झालीस, आता कागद कशाला जपायचा.

मला सुई नको, शालू. तू विचारशील का, म्हणून आधीच लिहिते. माझ्या आईला पाठीत सुई घातली होती, मी दारात उभी होते. ती आत चालत गेली आणि बाहेर आली ती चादरीतून. सुईनं काही झालं नसेल, तिचं आधीच झालेलं असेल, नवाज मला हेच समजावतो. त्याचं खरं असेल. पण दारात तो उभा नव्हता.

दुकानात मी आता जात नाही. चार पायऱ्या चढल्या की परवीन खुर्ची घेऊन येते, मी काही म्हणायच्या आत. चिक्कीचा गूळ कढायला लागला की त्याचा वास वरच्या खोलीत येतो, तेवढं पुरतं. गूळ कधी उतरवायचा ते मी अजून वासावरून सांगते. खालून नवाज ओरडतो, अम्मी, झालं का? मी वरून म्हणते, थांब.

थंडी आहे. तू हिंडू नकोस फार. पण तुकडा मिळाला तर लगेच कळव.

नूर


कामशेत
८ जानेवारी २०२५

नूरे,

हिंडू नको म्हणतेस आणि लगेच कळव बी म्हणतेस. एक काय ते ठरव.

भिकाजीकडं गेले. आता तो मोठ्या सोसायटीत राहतो, सातव्या मजल्यावर. लिफ्टमधी आरसा हाय. काटा धरणारा भिकाजी आरशात बघत वर जातो, हे बघायला मालक पाहिजे होता. त्याला ऐकू येत न्हाई, मला ऐकू येत न्हाई, त्याच्या सुनेनं आमच्या मधी बसून दोघांचं दोघांना सांगितलं. फोटोचा तुकडा म्हटल्यावर तो उठला आणि माळ्यावरनं एक नरसाळं काढून आणलं. तुझ्या छातीचं नरसाळं केलं होतं त्यानं. गुंडाळून दोरा बांधलेला. एवढी वर्सं त्यातनं रॉकेल ओतलं. रॉकेल मिळायचं बंद झालं तरी नरसाळं ठेवलं, कारण म्हणाला, असं नरसाळं विकत मिळत न्हाई. ते तर खरंच हाय.

दोरा सोडला तरी ते परत गुंडाळत होतं, जित्या गोमेवाणी. ताटाखाली दाबून धरलं तवा कुटं बघायला मिळालं. एका कडंला काळजाचा पांढरा फुगवटा. म्हंजे डावं अंग. आपल्या कामाचं न्हाई. मी त्याला परत देऊन टाकलं. म्हाताऱ्यानं दोरा बांधायला घेतला.

मग आंबीला. रस्ता ओळखू येत न्हाई. जितं आपण राजेश्वरीच्या लग्नाला भाताच्या पेंढ्यावर जेवायला बसलो होतो तितं आता कंपनीची भिंत हाय आणि भिंतीवर काटेरी तार. पण राजेश्वरी अजून जुन्या घरात हाय, मागं थोडं शेत बी ठेवलंय. मला बघून म्हणाली, तू अजून हायेस होय. मी म्हटलं, तुझ्या आधी जायचं न्हाई असं ठरवलंय.

तिच्याकडं तुकडा होता. कुटं होता ते ऐक. तिनं त्याचा रांगोळीचा छाप केला होता. तापवलेल्या सुईनं भोकं पाडून कमळ काढलेलं, आठ पाकळ्यांचं. दर दिवाळीला तुझ्या छातीवर रांगोळी टाकून ती दारात कमळ उठवत होती. तुझ्या डागाचं सांगितलं. म्हणाली, "आमच्या दारातली लक्ष्मी एवढी वर्सं नूरच्या बरगड्यांवरनं आत आली, आणि मला बाईचा साधा पत्ता ठाऊक न्हाई." मग म्हणाली, न्हे, पण पुढच्या दिवाळीच्या आत आणून दे. मी म्हटलं, देते.

पाण्यानं धुतला. गुलाबी रंग निघता निघत न्हाई. दारात उन्हाकडं धरला. हाडाची रेघ हाय, वरच्या बरगड्या हायेत, काळजाचा फुगवटा न्हाई, म्हंजे उजवं अंग. कोपऱ्यात दवाखान्याचा आकडा हाय. बरगड्यांच्या मधे काळं, आणि काळ्यात कमळाची भोकं चमकतात.

शेंगदाणा मला कुटं दिसला न्हाई.

पण मी कोण बघणार. मी अक्षर वाचते ते सुद्धा बोट ठेवून. कमळाच्या आड असंल. पुसट असंल. ते डॉक्टरनं बघायचं. उद्या-परवा मीच तळेगावला घेऊन जाते, तुझ्याकडं पाठवत न्हाई. तू वाटेत कुटं मांजरीच्या पिल्लाखाली अंथरशील.

आणि एक. तुझी आठवण तुला दिली. भिकाजीला काढून टाकला तिच्यातनं.

शालू


लोणावळा
१७ जानेवारी २०२५

आदरणीय शालूमावशी,

सलाम. मी परवीन. हे पत्र अम्मींनी सांगितलं तसं मी लिहिते आहे, कारण चार दिवस त्यांना ताप आहे आणि त्या बसू शकत नाहीत.

अम्मी सांगतात: तुकड्याची आता गरज नाही. तो राजेश्वरीला परत द्या, तिला दिवाळीला लागेल. डॉक्टरांना दाखवू नका. मार्चमध्ये परत स्कॅन आहे, तेव्हा जे असेल ते दिसेल. तुम्ही हिंडून दमला असाल, विश्रांती घ्या. उत्तर लिहायची घाई करू नका.

त्यांनी एवढंच सांगितलं. पुढचं माझं आहे, त्यांना माहीत नाही.

मावशी, तुमचं मागचं पत्र आल्यावर अम्मींनी ते दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. त्या दिवसापासून त्या नीट बोलत नाहीत. गूळ झाला का विचारलं तर उत्तर देत नाहीत, परवा पहिल्यांदा आमचा घाणा करपला. तुम्ही पत्रात काय लिहिलंत मला माहीत नाही आणि त्यांच्या उशीखालून काढून वाचणं मला बरं वाटत नाही. तापाचं औषध आमच्या इथल्या डॉक्टरांनी दिलं आहे, आज उतार आहे.

एक गोष्ट मला खटकते. स्कॅन झाल्यावर मोठ्या डॉक्टरांकडे अम्मी एकट्याच आत गेल्या होत्या. मी निघाले तर म्हणाल्या, तू ताईत धरून बाहेर बस. बाहेर येऊन त्यांनीच आम्हाला सांगितलं की घाई नाही, तीन महिन्यांनी बघू. रिपोर्टचं पाकीट त्यांच्याच ट्रंकेत आहे. आम्ही विश्वास ठेवला. तुम्हाला काही वेगळं माहीत असेल तर कळवा. मी त्यांना आई मानते, नुसतं म्हणायला नाही.

परवीन


कामशेत
२१ जानेवारी २०२५

ह्या बाईनं माझ्याकडनं दोन गावं हिंडवून घेतली, नरसाळ्याचा दोरा सोडवला, कमळ धुऊन घेतलं, आणि आता सुनेकडनं लिहिते की गरज न्हाई.

परवीन, आधी तुझं. तू चुकली न्हाईस. पाकीट ट्रंकेतनं काढ, नवाजला दे आणि त्याला तळेगावला धाड. त्यात काय हाय ते खाली सांगते. आता हे पत्र असंच तिच्या हातात दे. वाचून दाखवू नको. ती बोट न ठेवता वाचते, तिला येतं.

नूरे.

तुझं पत्र यायच्या आधीच मी जाऊन आलते. कोमलनं मला बसवलं, पाणी दिलं, मला ऐकू येत न्हाई म्हणून डॉक्टरला मोठ्यानं बोलायला सांगितलं. डॉक्टर तरणा हाय, चष्म्याचा. मी पिशवीतनं तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं, हा नूरचा वरचा उजवा, ग्रहणातनं आणि दिवाळीतनं वाचलेला. तो हसला न्हाई. त्यानं तो उजेडाच्या पाटीवर लावला. मग पडद्यावर तुझ्या चकत्या लावल्या. एकदा हिकडं, एकदा तिकडं. पाकळ्या मोजत असल्यासारखा. मी विचारलं, हाय का? म्हणाला, पेशंटशिवाय मी पेशंटचं बोलत न्हाई. मी म्हटलं, पेशंटचं राहू द्या, माझ्या तुकड्याचं बोला, तो मी आणलाय.

तवा म्हणाला, "आजी, ह्या तुकड्यात त्या जागी डाग नाही."

भोकांचं विचारलं. म्हणाला, कमळ खाली हाय, ती जागा मोकळी हाय, स्वच्छ दिसते. एवढंच बोलला आणि मग त्याला राहवलं न्हाई. म्हणाला, त्यांना म्हणावं, मी त्याच आठवड्यात सुईसाठी बोलावलं होतं, त्या आल्याच न्हाईत, फोनवर बी मिळत न्हाईत.

म्हंजे घाई न्हाई हे डॉक्टरनं म्हटलं न्हाई, तू म्हटलंस. दोन वाटा त्यानं सांगितल्या असतील, पण कुठल्या वाटेनं जा ते बी सांगितलं असणार, आणि तेवढं तू पत्रातनं पाखडून टाकलंस. मी सुपात मागं काय राहतंय ते बघायला शिकलेली बाई हाय. मला आधी कळायला पाहिजे होतं.

आता ऐक. मी तुकडा आणायला गेले तो तुझा पाहुणा जुना ठरावा म्हणून. तो जुना निघाला न्हाई. तुला वाटत असंल शालूनं माझं वाईट बाहेर काढलं. काढलं. मार्चमधी मशीननं काढलंच असतं, तेवढं मोठं होऊन. आता शेंगदाण्याएवढा हाय आणि बाकी कुठं काही न्हाई, हे तूच लिहिलंस, हे तू पाखडलं न्हाईस, म्हणून ते खरं धरते. वाईट असंल तर आत्ता लहान हाय. काही नसंल तर तसं बी सुईच सांगंल. तुकड्यानं त्याचं काम केलं. त्याला मागचं दिसतं, पुढचं दिसत न्हाई.

तुझ्या आईचं. मी कोमलला विचारलं, सुई कशी घालतात. तिनं मला काचेतनं ती बांगडी दाखवली. म्हणाली, तवा डॉक्टर अंदाजानं घालत असतील. आता ह्याच फळीवर झोपवतात, चकत्या काढतात, त्यात डाग नि सुई दोन्ही दिसतात, बोटभर आत गेली की परत बघतात, मग पुढं. जागा बधिर करतात. धोका मुळीच न्हाई असं ती म्हणाली न्हाई, मी विचारलं तरी म्हणाली न्हाई, म्हणून मला ती पोरगी आवडली. कधी कधी फुफ्फुसातनं हवा बाहेर येते, त्यासाठी काही तास तितंच ठेवून घेतात आणि परत फोटो काढतात. पेशंटनं काय करायचं म्हटलं, तर म्हणाली, एकच. सांगितलं की श्वास धरायचा, दर वेळी तेवढाच, आणि हलायचं न्हाई.

नूरे, तुसाच्या खोलीत आपण किती जणी होतो आणि सगळ्यांत शेवटी कोण सोडायचं? डोक्यावर पोतं, डोळ्यांत कुसळं, पलीकडच्या दारात पोचल्यावर आमी सगळ्या खोकत बसायचो आणि तू पोतं टेकवून, पदर नीट करून, मग सावकाश सोडायचीस. मालक एकदा म्हणाला, ही बाई श्वास घेते का न्हाई? त्या मशीनला तेवढंच पाहिजे. मागच्या वेळी सुटला तो दम कमी पडला म्हणून न्हाई. तू तुसाची खोली आठवून हसलीस, तूच लिहिलंस. ह्या खेपेला हसू नको.

तुझी आई आत गेली तवा दारात तू होतीस, लहान पोर. तू आत जाशील तवा दारात मी असणार. मी घाबरणारी न्हाई आणि चादरबिदर कुणी आणली तर मी ती आणणाऱ्याच्या अंगावर टाकीन. ताईत माझ्याकडं दे. परवीनला त्या दिवशी घरी ठेव, गूळ बघायला कुणीतरी पाहिजे.

हे बघ, सोपानराव गेले, अल्लाबक्षभाऊ गेले, मालक गेला, गिरणीच्या जागेवर लग्नाचं कार्यालय हाय. भिकाजीला ऐकू येत न्हाई आणि राजेश्वरीला दिवाळीचीच काळजी. सूर्य भाकरी होता का बांगडी, ह्यावर भांडायला मला दुसरं माणूस राहिलेलं न्हाई. मी रडत न्हाई, हिशेब सांगते.

तुकडा डॉक्टरनं ठेवून घ्यायचा म्हटला, मी दिला न्हाई. राजेश्वरीला कबूल केलाय. दिवाळीला आपण दोघी आंबीला जाऊ आणि तिच्या दारात तुझ्या छातीवरनं कमळ कसं उठतं ते तू तुझ्या डोळ्यांनी बघ.

ताप उतरला की डॉक्टरकडनं दिवस घ्या, आणि दिवस ठरला की मला कळवायचं. फोनवर न्हाई. नवाजनं न्हाई. परवीन, तू कार्ड आणून दे, पेन दे, पाठीमागं उशी लाव आणि खोलीबाहेर जा. जबाब नूरनं लिहायचा, तिच्या हातानं. तारीख लिहिली आणि खाली नाव लिहिलं तरी पुरे.

शालू